ज्याचं त्याच्या कानात

जावईबापूंना आईवडिलांनी ठेवलेलं चांगलं नाव होतं, पण सासरे कायमचे राहायला आल्यापासून ते अडगळीत पडलं. सासरे त्यांना 'जावईबापू' म्हणत, आणि असं काही म्हणत की त्यात मान किती नि टोमणा किती, हे भल्याभल्यांना सांगता आलं नसतं. हळूहळू घरातले, बाहेरचे, बँडमधले सगळेच तसं म्हणू लागले.

हो, बँडमधले. जावईबापू दिवसभर चष्म्याच्या दुकानात डोळे तपासत. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड फ्रेम ठेवायची, काच बदलायची, विचारायचं, "हे बरं दिसतं, की आधीचं बरं?" आणि संध्याकाळी घरी येऊन ते बेस गिटार वाजवत. बेस म्हणजे चार जाड तारांचं, खालच्या सुरातलं, घुमणारं वाद्य. बेस वाजवणाऱ्याची गत घराच्या पायासारखी असते. घर बघायला आलेल्या पाहुण्यांना कोणी पाया दाखवायला नेत नाही.

बँडचे बाकीचे तिघे मात्र दाखवण्यासारखे होते. दातांचे डॉक्टर ड्रम वाजवत. वकील गिटार वाजवत, आणि कोर्टातली सवय इथेही सुटली नव्हती. एकदा बोलायला संधी मिळाली की खाली बसायचं नाव नाही. गात होते ते साडू, म्हणजे जावईबापूंच्या मोठ्या मेहुणीचे यजमान. साडू विमा विकत आणि गात. दोन्ही वेळी समोरच्याला पळायला वाट नसे. आवाज बारीक, सूर वरचा, आणि आत्मविश्वास दोन्हींच्याही वर. बँड जावईबापूंच्या घरी, चहा जावईबापूंच्या घरचा, वायरी जावईबापूंच्या. पण सगळे म्हणत 'साडूंचा बँड'.

प्रॅक्टिस चाले सासऱ्यांच्या खोलीत. म्हणजे खोली आधी बँडची होती, सासरे आले तेव्हा त्यांना दिली, आणि संध्याकाळी बँड आला की त्यांनी बाहेर बसावं असं ठरलं. ठरवलं बाकीच्यांनी. सासरे काही उठले नाहीत. खिडकीजवळ त्यांची लाकडी आरामखुर्ची, तिला खेटून जावईबापूंचा कपाटाएवढा स्पीकर, आणि दोघेही जागचे हलायचे नाहीत. सासऱ्यांची हयात छापखान्यात मोठ्या मशीनवर गेली होती आणि कान ते तिथेच ठेवून आले होते. उरलेल्या कानांनी त्यांना सोयीचं तेवढं ऐकू येई. गाणं सुरू झालं की ते साडूंच्या तोंडाकडे टक लावून बघत, मग हळूच डोळे मिटत आणि घोरायला लागत. गाणं संपलं की खडबडून जागे होत.

"बाबा टाळी वाजवायला बरोबर उठतात," साडू म्हणत. "मोठा जावई आहे ना मी."

सासरे टाळी वाजवत नसत. पण बघत साडूंकडेच, हेही खरं. जावईबापू त्यांच्याच शेजारी, हाताच्या अंतरावर वाजवत. तिकडे त्यांनी कधी मान वळवली नाही. जावईबापू मनातल्या मनात म्हणत, घरचा जावई म्हणजे पिकतं तिथे विकत नाही.

अशात बँडला पहिल्यांदाच बाहेरचं बोलावणं आलं. दंतवैद्यांच्या संमेलनात, जेवणानंतर. डॉक्टरांचा वशिला. श्रोतेही असे मिळाले होते की ज्यांना समोरच्याच्या ओरडण्याची सवय आहे. जावईबापू हुरळून गेले. आजवर त्यांना कोणी 'बेस छान वाजला' असं म्हटलं नव्हतं. शिव्याही नाहीत, कौतुकही नाही. आता स्टेज असेल, दिवे असतील, दिव्यात ते असतील. एवढ्या माणसांत एखाद्याच्या तरी लक्षात येईल की चौथाही काहीतरी करतोय. वयाच्या पन्नाशीला आलेल्या माणसाची ही काही फार मोठी हाव नव्हे.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. त्यांच्या कपाटातल्या बश्या आपोआप सरकतात, अशी तक्रार होती. त्या गेल्या आणि जावईबापूंच्या बायकोने पदर खोचला.

"आवाज बंद झाला नाही तर बँड बंद. बाबांचं वय काय, तुमचे उद्योग काय! त्यांच्या कानाशी तो राक्षस घुमतो. बिचारे सहन करतात म्हणून किती छळायचं माणसाला?"

ज्यांना धड ऐकू येत नाही त्यांच्या कानांची काळजी, हे प्रकरण जावईबापूंना जरा गूढ वाटलं, पण लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाने गूढ गोष्टी उकलायच्या नसतात. बाबांना कोणी विचारलं नाही. विचारायचं तर ओरडावं लागलं असतं, आणि घरात आवाज नको हाच तर मुद्दा होता.

उपाय एकच होता, हेडफोन. प्रत्येक वाद्य वायरीतून थेट मिक्सरमध्ये, म्हणजे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या डब्यात, मिक्सरमधून प्रत्येकाच्या कानात, खोलीत शांतता. वाद्यांच्या दुकानातल्या पोरसवद्या विक्रेत्याने एक सुरेख यंत्र दाखवलं. त्याच्या किमतीत जावईबापूंचं दुकान शटरसकट आलं असतं. मग त्यांनी नाद सोडून दिलेल्या लोकांच्या घरांचे उंबरे झिजवले. हौशी बँड मोडण्याचं प्रमाण मोठं असल्यामुळे जुना माल मुबलक होता. एकाकडून एक लहानसा मिक्सर मिळाला, दुसऱ्याकडून कानांवर चढवायचे चार हेडफोन. डॉक्टरांनी खरे ड्रम गुंडाळून रबरी पॅड आणले, टिपरी पडली की ड्रमचा आवाज मशीनमधून वायरीत सोडणारे.

पहिल्या दिवशी चौघांच्या कानात एकच आवाज गेला आणि दहा मिनिटांत भांडण लागलं. डॉक्टरांना ड्रम कमी, वकिलांना गिटार कमी, साडूंना साडू कमी. मिक्सर एक आणि हात सहा. जावईबापूंचे हात मध्ये पडून चेपले गेले.

पण पठ्ठ्या हार मानणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी दुकानात एका गिऱ्हाइकाला 'हे बरं की आधीचं?' विचारता विचारता त्यांच्या डोक्यात उजेड पडला. एकाचा चष्मा दुसऱ्याला लावला तर तो जिन्यावरून पडणारच! ज्याचा नंबर त्याला. त्यांनी आणखी तीन जुने मिक्सर पैदा केले. स्वतः बसून, बोटं भाजून घेत, एकेका वाद्याच्या वायरीला चार फाटे फोडणारा डबा बनवला. आता चौघांपुढे चार मिक्सर, प्रत्येकावर चार बटणं: गाणं, ड्रम, गिटार, बेस. ज्याला जे जितकं हवं तितकं त्याने फिरवून घ्यावं.

"घरात एक मिक्सर आहे, त्याचं भांडं महिनाभर गळतंय," बायको म्हणाली. "आणि तुम्ही चार आणलेत?"

जावईबापू एकेकापुढे गुडघ्यावर बसले आणि सवयीच्या मऊ आवाजात विचारत बटणं फिरवू लागले. "हे बरं वाटतं, की आधीचं बरं?" गाणी सुरू झाली आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर अशी तृप्ती पसरली की काय सांगावं! माणूस आयुष्यभर स्वतःचंच बोलणं ऐकायला धडपडतो. इथे ते थेट दोन्ही कानांत येत होतं, आणि मध्ये कोणी तोंड घालत नव्हतं.

"आपण इतके चांगले आहोत हे मला माहीतच नव्हतं," डॉक्टर म्हणाले. 'आपण' म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही.

बाहेर ऐकू येत होतं ते वेगळंच. ड्रम नाहीत, गिटार नाही, बेस नाही. रबरावर टिपऱ्या पडल्याची टपटप, आणि त्यावर साडूंचा उघडाबोडका आवाज. त्याला हेडफोनात कोंडायची सोय अजून विज्ञानाने केलेली नाही. इतकी वर्षं तो वाद्यांच्या गर्दीत झाकून गेला होता. आता झाकण निघालं. तिसऱ्या गाण्याला खालच्या बाई धावत वर आल्या.

"काय हो, कोणाच्या पोटात दुखतंय का? डॉक्टरांना बोलवू?"

"डॉक्टर आतच आहेत," बायको म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

सासऱ्यांचं तर बिनसलंच. आरामखुर्चीत ते चुळबुळत, पाय जमिनीवर आपटून बघत, स्पीकरवर हात ठेवून बघत. स्पीकर थंड. झोप लागेना.

"चालू करा की!" ते ओरडत.

"चालूच आहे, बाबा!" जावईबापू एक कान मोकळा करून ओरडत.

"चालू आहे म्हणे. चार माणसं मुंडी हलवताहेत आणि म्हणे चालू आहे. मी बहिरा आहे, जावईबापू, आंधळा नाही."

संध्याकाळची डुलकी गेली, त्यामुळे रात्रीचं जेवण गोड लागेना, त्यामुळे सकाळी सगळ्यांवर डाफरणं. "पाहिलंत?" बायको म्हणे. "इतक्या दिवसांचा त्रास आता बाहेर पडतोय."

अशा चारदोन प्रॅक्टिस झाल्या आणि मग ती शिंक आली. ऐन गाण्यात जावईबापूंना अशी सणसणीत शिंक आली की दोन्ही हात तारांवरून सुटले. बेस थांबला. ते घाबरून बघतात तर डॉक्टर डोळे मिटून टपटप करताहेत, वकील कुठल्याशा अपिलात गुंतलेत, साडू हात पसरून छताला आळवताहेत. कोणाच्या कपाळावर आठी नाही. जावईबापूंनी पुन्हा वाजवायला बोटं उचलली, आणि तशीच हवेत ठेवली. कडवं गेलं, दुसरं गेलं, गाणं संपलं. त्यांनी एकही तार छेडली नव्हती.

साडूंनी हेडफोन काढला. "वा! आज बेस एकदम घट्ट बसला हं! असाच ठेव."

जावईबापू उठले आणि डॉक्टरांच्या मिक्सरकडे गेले. बेसचं बटण शून्यावर. वकिलांचं शून्यावर. साडूंच्या मिक्सरवर तर साडू सोडून सगळेच शून्यावर. स्वतःच्या राज्यात ते एकटे नांदत होते. हे सगळं यंत्र जावईबापूंनी स्वतःच्या हाताने, स्वतःची बोटं भाजून बनवलं होतं.

"गैरसमज नको," डॉक्टर म्हणाले. "तुझं वाजवणं मला पाठ आहे रे. ऐकायची गरजच पडत नाही."

"तत्त्वतः तू आहेसच," वकील म्हणाले. "फक्त आवाज कमी केलाय."

साडूंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. विमा विकताना ठेवतात तसा. "बरं झालं विषय निघाला. डॉक्टरांच्या पॅडच्या मशीनमध्ये तयार बेस आहे. पायाने दाबलं की वाजतो. तू उगाच गिटार घेऊन कशाला अडकून पडतोस? हे वायरींचं तुझ्याशिवाय कोणाला कळतंय? संमेलनात तू खाली बस, आवाज सांभाळ. फार जबाबदारीचं काम आहे ते."

"बरं," जावईबापू म्हणाले. ते न्हाणीघरात गेले आणि नळ मोठा सोडून बराच वेळ तोंड धूत राहिले. फार वाईट वाटलं त्यांना. हाकलून दिलं असतं तर भांडता आलं असतं. इथे बढती मिळाली होती.

बायकोला त्यांनी काही सांगितलं नाही. पण बेस खोळीत गेलेला तिने पाहिला, आणि जेवताना त्यांनी मीठ नसलेली आमटी दोनदा मागून घेतली तेव्हा तिला समजायचं ते समजलं.

संमेलनाआधीची शेवटची प्रॅक्टिस. जावईबापू कोपऱ्यात स्टुलावर, मांडीवर वायरींचं भेंडोळं. डॉक्टर पायाने दाबत होते आणि मशीनमधला बेस त्यांच्या कानात वाजत होता. सासरे आरामखुर्चीत धुमसत बसले होते.

"काय रे, आज ह्यांना बाजूला का बसवलंय?" त्यांनी साडूंना विचारलं.

"त्यांना बढती मिळालीये, बाबा!" साडू त्यांच्या कानाशी ओरडले. आणि मग त्यांना सुचलं. एवीतेवी म्हातारा एकटक आपल्याकडेच बघतो; आज त्याला खरं सुख द्यावं. त्यांनी स्वतःचा हेडफोन सासऱ्यांच्या डोक्यावर चढवला, मिक्सर त्यांच्या मांडीवर ठेवला. "आता ऐका, बाबा. माझा आवाज कसा स्वच्छ येतो बघा."

साडू गायला लागले. कानात काहीच नसल्यामुळे त्यांना पहिल्यांदाच खोलीतलं ऐकू येत होतं, म्हणजे टपटप आणि स्वतःचा आवाज. पहिल्या ओळीला ते जरा दचकले. दुसऱ्या ओळीला खिडकी उघडी आहे का ते बघितलं. सासऱ्यांनी कपाळाला आठ्या घालून थोडा वेळ ऐकलं.

"ह्यात डास शिरलाय," ते म्हणाले.

साडूंनी त्यांच्या मांडीवरचं आपलं बटण आणखी वर नेलं.

"आता डास मोठा झाला."

साडू गायचे थांबले. डॉक्टर आणि वकील आपापल्या कानात मश्गूल. ते वाजवतच राहिले. सासरे हेडफोनवर टिचक्या मारू लागले, आता ते तोडणार असं दिसलं. जावईबापू घाईने उठले. म्हाताऱ्याला गप्प करावं एवढाच विचार. त्यांनी खोळीतून बेस काढला, पिन लावली, सासऱ्यांच्या मांडीवरचं बेसचं बटण शून्यावरून वर फिरवलं, आणि खालच्या जाड तारेवर बोट टाकलं.

सासऱ्यांचा हात टिचकी मारता मारता थांबला.

जावईबापूंनी डॉक्टरांच्या टपटपीशी मेळ घालत वाजवायला सुरुवात केली. सवयीने त्यांनी विचारलं, "हे बरं, की आधीचं बरं?"

"चालू झालं!" सासरे ओरडले. त्यांचा चेहरा इतका मोकळा झालेला जावईबापूंनी कधी पाहिला नव्हता. "हे! हे कुठे गेलं होतं इतके दिवस? मशीन नीट चालू असलं की अस्संच लागतं. पायातून वर येतं. छापखान्यात मी उभ्या उभ्या झोपायचो, आणि मशीन थांबलं की जागा व्हायचो. तुम्ही थांबलात की तस्संच होतं बघा मला."

जावईबापूंचा ताल चुकला. त्यांनी तो कसाबसा सावरला.

"मी एक विचारू का, जावईबापू?" बहिऱ्या माणसाचं खासगी बोलणं असतं तेवढ्याच मोठ्या आवाजात सासरे म्हणाले. "हे बाकीचे तिघे कशाला येतात? ह्याचं तोंड उघडतं मिटतं ते बघायला मजा येते, ते ठीक आहे. पण इतकी वर्षं बघतोय, वाजवता तर तुम्ही एकटेच."

हे ऐकलं तिघांनी: जावईबापूंनी, कान मोकळे असलेल्या साडूंनी, आणि चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या राहिलेल्या बायकोने. तिने ट्रे खाली ठेवला. वडिलांकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. मग सरळ पुढे आली, मोठ्या स्पीकरची पिन उचलली आणि म्हणाली, "ही कुठे लावायची?"

"अगं, पण खालच्या बाई..."

"त्यांनी कालच हात जोडलेत. बश्या सरकल्या तरी चालतील म्हणाल्या, पण भावोजींचा आवाज पुन्हा झाका."

स्पीकर घुमला. खिडकीची काच थरथरली. डॉक्टर आणि वकिलांनी दचकून हेडफोन काढले आणि 'काय झालं, काय झालं' विचारू लागले. साडूंचा चेहरा पडला होता, पण विमा विकणारा माणूस सहजी दार सोडत नाही.

"छान आहे, छान आहे. पण संमेलनात आवाज कोण सांभाळणार?"

"तुम्ही सांभाळा," जावईबापू म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच साडूंना ते असं बोलत होते आणि बोटं तारांवरून हटली नव्हती. "मी वाजवणार आहे."

"भावोजी, तुमचा आवाज आजवर कोणाला सांभाळता आलाय?" बायको म्हणाली आणि चहा देऊ लागली.

डॉक्टरांनी मशीनवरचा पाय बाजूला घेतला. मग गाणं पहिल्यापासून सुरू झालं, हेडफोनशिवाय, आणि पहिल्यांदाच चौघे एकमेकांकडे बघत वाजवत होते, कारण बघितल्याशिवाय मेळ बसत नव्हता. फार छान झालं असं म्हणवत नाही. वकील लांबले, साडू वर गेले. पण दुसऱ्या कडव्यात सासऱ्यांची मान छातीवर आली, हात स्पीकरवरून घसरला आणि ते घोरू लागले.

गाणं संपलं. डॉक्टर थांबले, वकीलसुद्धा थांबले. साडू म्हणाले, "अरे, झालं की. थांब आता."

जावईबापूंनी मानेनेच आरामखुर्चीकडे खूण केली आणि ती एक जाड तार तशीच, सावकाश, वाजवत राहिले.